माडीवर आयकू येते काय

दर्यापूरच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीत मी बसायला म्हणून गेले आणि बसलेच नाही. चुलतबहिणीकडची तेरवी आटोपून अकोल्याला परत निघाले होते. उन्हानं डोकं भणभणत होतं. गाडी लिंबाखाली लावली आणि म्हटलं, घोटभर चहा घ्यावा. टपरीवाल्यानं गिऱ्हाइकांसाठी खुर्च्यांची एक रांग मांडली होती. जुन्या सागाच्या, एकमेकींना जोडलेल्या, माणूस उठला की फळी आपोआप वर जाऊन पाठीला धडकणाऱ्या. आणि त्यांच्या लोखंडी पायांवर उमटवलेलं कपाशीचं फुटलेलं बोंड. त्या बोंडावरून मी लहानपणी इतकं नख फिरवलं आहे की उद्या आंधळी झाले तरी बोटानं ओळखीन.

"बसा ना ताई, मजबूत आहेत," टपरीवाला म्हणाला. "अमरावतीच्या थेटरच्या आहेत. तोडून राहिले ना ते."

"कोण तोडून राहिलं?"

"आता ते मले काय मालूम! म्या भंगारवाल्यापासून घेतल्या."

त्या माणसाची काही एक चूक नव्हती, तरी मला त्याचा राग आला. हल्ली मला कुणाचाही येतो. चहा अर्धा टाकला, निघाले, आणि आकोट फाट्यापर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की गाडीत मी एकटीच मोठ्यानं बडबडत आहे.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे अकोल्यालाच असते. दिसायचं कमी झालं आहे, तरी तांदूळ दुसऱ्या कुणाला निवडू देत नाही, आणि निवडताना तिचे ओठ सारखे हलत असतात. पाहुण्यांना वाटतं म्हातारी जप करते. कसला जप! ती नाटकातलं भाषण म्हणते. एका राणीचं, शेवटच्या अंकातलं. आवाज न काढता. माझं लग्न झालं, मोडलं, बँकेची नोकरी झाली, संपली, पण आईच्या ओठांवरची ती राणी काही उठली नाही.

"आई, थेटर तोडून राहिले," मी चप्पल काढता काढता सांगून टाकलं. मला गोष्टी हळूच सांगता येत नाहीत.

तिचा हात सुपात थांबला. "स्टेज?"

"खुर्च्या तर गेल्या. स्टेजचं माहीत नाही."

"मंग उद्याच चाल."

"कुठं?"

"अव, कुठं म्हंजे? मले एकडाव तठी उभं राहून बोलायचं आहे. समोर कोनीतरी बसलेलं पायजे फक्त. तू बस."

एवढंच. आयुष्यभर या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितलं ते हे, आणि तेही तोडणारे आत शिरल्यावर.

थेटरला नाव होतं. दारावर दगडात कोरलेलं, पण ते कुणी घेत नसे. थेटर म्हटलं की अमरावतीत ते एकच. एका जिनिंगवाल्या शेठनं बांधलं. कापसानं त्याला भरभरून दिलं आणि त्यानं आपल्या हौसेला दिलं. खुर्च्यांच्या पायांवर बोंड, खिडक्यांच्या जाळीत बोंड, छताच्या सागवानी फळ्यांवर रंगवलेली बोंडं. नाटकाची घंटासुद्धा जिनिंगमधून आणलेली, पाळी बदलताना वाजायची ती. त्यामुळे पहिली घंटा झाली की प्रेक्षकांतले जिनिंगचे मजूर अजूनही दचकून उठतात, असं बाबा सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. बाबा वकील होते.

दिवाळीनंतर कापूस यायला लागला की नाटकंही यायची. दर्यापूर, मूर्तिजापूर, तिवसा, कुठून कुठून बैलगाड्या यायच्या. कापूस विकायचा, बैल सोडायचे, भाकर खायची आणि थेटरात येऊन बसायचं. अख्ख्या हॉलमध्ये रुईचे बारीक तंतू तरंगत असायचे. स्टेजवरच्या राजाच्या मिशीला चिकटायचे, आमच्या नाकात जायचे, आणि भर करुण प्रसंगात कुणीतरी सटकन शिंकायचं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या यायच्या त्यांना ही शिंक कळायची नाही. त्यांना वाटायचं, वऱ्हाडी लोक चेष्टा करून राहिले.

होळीनंतर ऊन चढलं की दारांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या. त्यांच्यावर पाणी मारलं की जो वास आत यायचा ना, तो मी आज सगळीकडे शोधत असते. बाजारातला वाळा आणून माठात टाकून पाहिला. नाही येत तो. त्यात नाटकवाल्यांच्या मिशांचा डिंक होता, दारात तळल्या जाणाऱ्या गिला वड्याचं तेल होतं, नारळाचं पाणी होतं, आणि उन्हातून आत आलेल्या माणसांचा घाम होता. ते सगळं एका जागी पुन्हा कोण आणून देणार?

बायका वर बसायच्या, माडीवर. खाली पुरुष. माडीचा जिना मागून, अरुंद, लाकडी. त्या जिन्यानं बायकांना कुणी पाहायला नको म्हणून तो मागं केला म्हणे. वर मुलं दुधासाठी रडायची, शेंगा फुटायच्या, कुणी कुणाच्या सुनेचं सांगत असायची, आणि तरी खालच्या स्टेजवर कुणी कुजबुजलं तरी शब्द न् शब्द वर यायचा. माइक नव्हता, लागतही नव्हता. स्टेजखाली रांजण पुरलेले आहेत, रिकामे, तोंडं वर करून, म्हणून आवाज असा उठतो, असं सगळे सांगायचे. पाहिले कुणी नव्हते. नटाची परीक्षा एकच होती, माडीच्या शेवटच्या रांगेत ऐकू गेलं काय? गेलं तर नट. नाहीतर घरी जा बाप्पा, वांगी विक.

आता पडद्याचं सांगते, कारण सगळं त्या पडद्यात आहे.

दर्शनी पडदा जांभळ्या मखमलीचा होता. समोरून पाहिला तर राजाच्या घरचा. पण मखमल म्हातारी होत होती, आणि नवी आणायची कुणाची ऐपत राहिली नव्हती. म्हणून दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं की एका दुपारी पडदा खाली उतरवायचा, स्टेजवर पालथा पसरायचा आणि गावातल्या बायकांनी त्याला मागून ठिगळं लावायची. याला 'पडद्याचं हळदीकुंकू' म्हणायचे. प्रत्येकीनं आपल्या जुन्या पातळाचा धड तुकडा आणायचा. एखादी बाई मेली तरी तिचं ठिगळ पडद्यावर असायचं, आणि तिच्या शेजारी टाके घालणारी तिची आठवण काढून दोन शब्द बोलायची. समोरून जांभळी मखमल आणि मागून निळं, पिवळं, हिरवं, चौकटीचं, बुट्ट्यांचं अख्खं अमरावती. आईचं ठिगळ डाळिंबी होतं. उजवीकडे, खालून हातभर वर.

त्या दिवशी पुरुषांना आत मज्जाव. ते बाहेर चहा पीत बसायचे, 'बायका शिवून राहिल्या' म्हणून. शिवायच्या तर खऱ्याच. पण पडदा खाली असला की काय होतं, हे त्या शहाण्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. पडदा खाली असला की स्टेज उघडं असतं, आणि समोर सगळा हॉल.

वर्षभर माडीवर बसून या बायकांना नाटकं पाठ झालेली असायची. दोरा दातानं तोडता तोडता एकजण एखादं वाक्य टाकायची. दुसरी तिथल्या तिथे उत्तर द्यायची. मग तिसरी सुई खोचून उभीच राहायची. दुपार चढेपर्यंत स्टेजवर दरबार भरलेला असायचा. राजा म्हणजे सोनाराची जाडी काकू, प्रधान म्हणजे शाळेतल्या बाई, आणि हसून हसून सगळ्यांचे टाके वाकडे. रिकाम्या खुर्च्यांसमोर. नायिका बाहेरून मागवायची पद्धत होती ना तेव्हा. आपल्या घरच्या बायका कशा उभ्या करणार! नागपूरहून एक बाई यायच्या, गोऱ्या, उंच. त्यांचं येणंजाणं, जेवणखाण, सगळं गावची नाटक मंडळी करायची. त्यांच्या पुढं पडणाऱ्या पडद्याला टाके मात्र आमच्या आयांचे.

आणि राणी माझी आई. त्यावर कधी वाद झाला नाही. राणीचं ते नाटक गावच्याच एका मास्तरांनी लिहिलं होतं. कुठं छापलं नाही, दुसऱ्या कुठल्या गावी झालं नाही. शेवटच्या अंकात शत्रू वेशीशी येतो, सगळे राणीला आत दडून बसायला सांगतात आणि ती म्हणते, "दरवाजे उघडा. राणी दाराआड मरत नसते." तिथून पुढे मोठं भाषण होतं. आई ते बोलायला लागली की हसणाऱ्या बायका गप्प व्हायच्या. घरात 'मले, तुले' करणारी, आवाज न चढवणारी ही बाई. तिच्या तोंडून असे शब्द यायचे की माझ्या अंगावर काटा यायचा. सोनाराची काकू दरवेळी रडायची आणि म्हणायची, "अव माय, ते नागपूरवाली काय करन तुह्यापुढं!"

माझं काम ठरलेलं. मला आई वर माडीवर पाठवायची, शेवटच्या रांगेत. बोलून झालं की मान वर करून हाक मारायची, "आयकू येते काय वऽ?"

मी कठड्यावर पोट टेकवून ओरडायचे, "येते!"

मग ती हसायची. तसं हसताना मी तिला घरात पाहिलं नाही. मुलांच्या लग्नांत नाही, नातवंडांच्या बारशांत नाही.

एका वर्षी मंडळी ते राणीचं नाटक पुन्हा करणार होती. बाबा त्यात राजा. बाबा कोर्टात शुद्ध बोलायचे, घरी वऱ्हाडी आणि स्टेजवर तर इतके शुद्ध की आम्हाला वाटायचं हे कोण आले आहेत आपल्या घरी! संध्याकाळचा प्रयोग होता. थेटर खच्चून भरलं. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, आणि तिसरी होईना. मग खालून कुजबुज वर आली. रांजणांची कृपा, सगळंच वर यायचं. नागपूरच्या बाईंची गाडी तिवशाच्या पुढे कुठंतरी बंद पडली होती.

माडीवरच्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी आईकडे पाहिलं. बायकांना बोलायची गरज नसते अशा वेळी. आई उठली. पदर खोचला. जिन्यानं खाली उतरली आणि तिच्यामागं मी. मला वाटलं आज आपल्या घरात काहीतरी भलं मोठं होणार.

रंगपटाच्या दारात बाबा उभे होते. जरीचा अंगरखा, कमरेला तलवार, डिंकाचा वास. मागं मास्तर, डोक्याला हात लावून बसलेले.

"मले सगळं पाठ आहे," आई म्हणाली.

मास्तरांनी डोक्यावरचा हात काढला. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "वहिनींना जमते. माझ्या बायकोनं सांगतलं मले. जमते त्यांना."

बाबांनी आईकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, आज मलाही नीट रागावता आलं असतं. तिला जणू ओळखतच नाही, असं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तू वर जाऊन बस."

आणि ते पडद्याच्या फटीतून पुढं गेले, लोकांना हात जोडले आणि सांगितलं की आजचा प्रयोग होऊ शकत नाही. काय सुंदर सांगितलं! शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आई वर जाऊन बसली. लोक शिव्या देत बाहेर पडले, बायका एकमेकींकडे न पाहता उतरल्या, बैलगाड्या जुंपल्या गेल्या, झाडणारा आला. आई बसलेलीच. मी तिचा हात ओढत होते, भूक लागली म्हणून. शेवटी बाबा मिशी काढून, साध्या कपड्यांत, धापा टाकत तो अरुंद जिना चढून आले. बायकांच्या माडीवर ते पहिल्यांदाच येत असावेत. कठड्याला धरून उभे राहिले.

"चाल ना. बसून काहून राहिली?"

"बस म्हनलं ना तुमी," आई म्हणाली.

मग उठली. घरी आली, ज्वारीच्या भाकरी थापल्या, ठेचा केला. बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या. ते वाईट नव्हते हो. आम्हाला शिकवलं, आईला कधी वावगा शब्द बोलले नाहीत, तिला ताप आला तर रात्र रात्र गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. म्हणून तर माझी चिडचिड होते. कुठं टाकू मी तो राग? माणूस गेला, फोटोला हार घातला, आता त्या फोटोला काय बोलणार?

पुढच्या संक्रांतीला आई पडदा शिवायला गेली. डाळिंबी ठिगळाची शिवण उसवली होती ती घट्ट केली. बायकांनी दरबार मांडला, 'राणी, राणी' केलं, पण ती मान वर न करता टाके घालत राहिली. मी सवयीनं माडीवर जाऊन बसले होते. खालून कुणी हाक मारली नाही. त्यानंतर ते भाषण मी ऐकलेलं नाही. पाहिलं मात्र रोज, तांदळाच्या सुपावर.

मग पडद्याचं हळदीकुंकू बंद पडलं. नाटकं बंद पडली. मधे काही वर्षं लग्नं लागली तिथं, नंतर सेल भरले, चादरींचे आणि चपलांचे. मग 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. ती पाटीच पुढं इतकी मोडकळीला आली की तिची दुरुस्ती आधी करावी लागली असती. दर निवडणुकीत कुणीतरी थेटर उघडून द्यायचं कबूल करायचं आणि आई मला विचारायची, "खरंच काय?" मी म्हणायचे, "असन." बाबा गेल्यानंतर तर ती जास्तच विचारायला लागली.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आईनं हिरवं काठाचं पातळ नेसलं, जे ती आपल्या शेवटच्या प्रवासासाठी ठेवून आहे असं सगळ्यांना सांगत असते. "हे काहून काढलं?" म्हटलं, तर म्हणे, "कामाचं आहे ना, मंग कामाले आलं." गाडी मीच चालवते. आईचा माझ्यापेक्षा यमाच्या रेड्यावर जास्त विश्वास आहे, सारखी एका हातानं दाराची कडी धरून असते. त्या दिवशी मात्र कडी सोडून दोन्ही हात मांडीवर आणि ओठ सुरू. मूर्तिजापूरला चहाला थांबलो.

"आई, गाडीतच म्हण ना एकदा मोठ्यानं. मला ऐकायचं आहे."

"गाडीत काय म्हनू? तठीच आयक."

"तिथं कसं असेल, काय असेल..."

"असन तसं असन," ती म्हणाली. "तू फक्त समोर बस. मधात बोलू नको."

मला खरंच ऐकायचं होतं. तिच्याइतकंच. पोरीचं वय झालं म्हणून पोरीची हौस संपते थोडीच! त्या दाराआडच्या वाक्यापुढचं मला काही आठवत नव्हतं. मास्तर गेले, त्यांच्या घरी कुणी राहिलं नाही. सोनाराची काकू गेली, शाळेतल्या बाई गेल्या. ते नाटक आता या जगात फक्त एका म्हातारीच्या तोंडात होतं.

गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. पिवळ्या मशीनचा, घरघर, मग काहीतरी मोठं कोसळल्याचा. थेटरचं दर्शनी तोंड उभं होतं, दगडी, बोंडांची जाळी तशीच. पण दारातून आत पाहिलं तर थेट आभाळ. छप्पर नव्हतं. माडी नव्हती. तो अरुंद जिना तेवढा मागच्या भिंतीला चिकटून उभा होता आणि वर जाऊन कुठंच पोचत नव्हता.

ठेकेदाराचा माणूस धावत आला. "अंदर नका जाऊ हो, आजीले लागन बिगन!"

मी भांडले. मला भांडता येतं. आई म्हणाली, "बापू, मी अठी लहानाची मोठी झाली नाही, पन बुढी अठीच झाली. दोन मिंट जाऊ दे." तो बिचारा बाजूला सरला, म्हणाला, "जा, पन पुढच्या दगडाच्या पलीकडं नाही."

आत एका बाजूला मजुरांनी पाल ठोकलं होतं. त्याचं छप्पर मला लांबून ओळखू आलं. मखमल वर, उन्हाला, मातीसारख्या रंगाची झालेली. आम्ही वाकून आत पाहिलं. झोळीत एक मूल झोपलं होतं आणि त्याच्या डोक्यावर सगळी ठिगळं, निळी, पिवळी, बुट्ट्यांची, उलटी टांगलेली. आईनं डोळे बारीक करून उजवीकडे पाहिलं. खालून हातभर वर. तिथं भोक होतं, चुलीचा धूर जायला कापलेलं, काठ काळे झालेले.

"चांगलं केलं," आई म्हणाली. "लेकराच्या डोयात धूर जात नाही."

स्टेजच्या जागी खड्डा होता. रांजण खरंच होते बरं का! इतक्या पिढ्यांची ऐकीव गोष्ट खरी निघाली ती अशी. खापऱ्यांचा ढीग पडला होता, आणि एक आख्खा निघाला तो मजुरांनी कडेला मांडून पिण्याचं पाणी भरून ठेवला होता. स्टेजचा पुढचा दगडी काठ फक्त शिल्लक होता. पालातली मजूरबाई, मेळघाटातली असावी, तिनं आईला हाताला धरून त्या काठावर चढवलं. मी कचऱ्यातून एक खुर्ची ओढली, एकटी उरलेली, एका बाजूनं लंगडी. झटकली आणि समोर बसले.

"मशीन थांबवा हो जरा," मी त्या माणसाला म्हटलं.

"टिप्पर लागून आहे ताई, नाही थांबवता येत," तो म्हणाला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला.

आई माझी किंवा मशीनची वाट पाहत थांबली नाही. तिनं पदर खोचला. पाठ सरळ झाली, इतकी सरळ की मी चरकले, आता मोडेल म्हणून. हात उचलला. तो हात मी ओळखला. ओठ हलले. आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मी पुढं वाकले. कानामागं हात धरला. 'दरवाजे' असेल ते पहिलं, असं वाटलं. त्यापुढे फक्त तोंड, मान, बोटं, आणि मशीनची घरघर. मी मागं वळून त्या मशीनवाल्याला हात केले, ओरडले, "अरे थांब! थांब रे बाबा!" त्याच्या कानात गाण्याच्या वायरी होत्या. त्यानंही हसून मला हात केला. मी पुन्हा वळले तोवर आईचा हात खाली येत होता. अर्धं तर मी पाहिलंसुद्धा नाही.

मग ती थांबली. मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावरून, मागं, माडी होती तिकडं. ओठ हलले, आणि एवढं मात्र मला कळलं.

माडीच्या जागी ऊन होतं.

मी ताडकन उठले. खुर्चीची फळी धाडकन वर गेली. जीव खाऊन ओरडले, "येते! आई, आयकू येते!"

तिनं कानामागं हात धरला, वरच पाहत. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग हात खाली घेतला, पदर सोडला आणि त्या बाईचा हात धरून काठावरून उतरली.

बडनेरा मागं पडलं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर एकदा म्हणून दाखवशील? तिथं मशीन होतं गं."

"झालं ना आता."

"आई, मी होते ना. मी उत्तर दिलं."

"तू खाली होती," ती म्हणाली. आणि दाराची कडी धरून बसली.

अकोल्याला आता पूर्वीसारखंच सगळं चाललं आहे. आई सकाळी जेवते, दुपारी थोडी पडते, चारला उठून तांदूळ निवडते. खडे बरोबर सापडतात तिला अजून. मी मुद्दाम समोर जाऊन बसते, पेपर वाचते असं दाखवून तिच्या तोंडाकडे पाहत राहते. ओठ मिटलेले असतात.